संडासाचे टाके उपसताना

आजचा विषय जेवणाच्या पंगतीत काढण्याजोगा नाही. घरच्या संडासाचे टाके केव्हा उपसावे, कसे उपसावे आणि त्यातून निघालेल्या मैल्याचे पुढे काय करावे, याविषयी मी बोलणार आहे. कोणी नाक मुरडील. पण ज्या गोष्टीला नाक मुरडून आपण पाठ फिरवतो, तीच एखाद्या दिवशी दारात येऊन उभी राहते.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे संडास पुष्कळ झाले. राज्यात २०००-०१ साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पुढे २ ऑक्टोबर २०१४ पासून देशभर स्वच्छ भारत अभियान निघाले. बांधताना आपण चौकशी केली ती अनुदान किती मिळेल, फरशी कोणती घालावी, दार लोखंडी की पत्र्याचे, याची. पण खाली जे टाके किंवा खड्डा आहे तो भरला म्हणजे काय, हे फार थोड्यांनी विचारले. दृष्टीआड सृष्टी! झाकण बसले, वर सिमेंट फिरले आणि विषय संपला. तो संपलेला नाही. जमिनीखाली तो रोज थोडाथोडा वाढतो आहे.

पहिल्याने आपल्या घराखाली नेमके काय आहे, ते ओळखा. गावात दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. एक दोन शोषखड्ड्यांचा संडास आणि दुसरा सेप्टिक टँक. दोहोंची रीत निराळी, म्हणून उपसण्याची तऱ्हाही निराळी.

दोन खड्ड्यांचा संडास खेड्याला फार सोयीचा. साधारण एक मीटर व्यासाचे आणि सव्वा मीटर खोलीचे दोन खड्डे. भिंतीच्या विटांमध्ये जाळीसारखी भोके सोडलेली, तळ कच्चा. मैल्यातले पाणी आणि वायू आजूबाजूच्या मातीत मुरतात. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. पाच-सहा माणसांच्या घरात तो भरायला तीनेक वर्षे लागतात. भरला की मधल्या चौकोनी कुंडीत वाट बंद करून दुसरा चालू करायचा. पहिला झाकलेला खड्डा निदान दीड-दोन वर्षे तसाच राहू द्यायचा. तेवढ्या काळात मैल्याची माती होते. तिला वास नसतो, ती हाताला भुसभुशीत लागते. आपले जुने लोक तिला सोनखत म्हणत, आणि ते नाव काही उगीच पडलेले नाही.

या कामाला आपल्याकडे थोर माणसांनी हात लावलेला आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. सफाईचे काम मला करू द्या, असा त्यांनी आग्रह धरला आणि त्यासाठी उपवास केला. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न सोडले. याच अप्पासाहेबांनी १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचे खत करणारा साधा संडास लोकांपुढे ठेवला. देहू गावात डॉ. मापुसकर यांनी सारे आयुष्य याच कामात घालवले. मैल्यापासून जळाऊ गॅस मिळवणारे संडास त्यांनी लोकांना दिले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत तेलंगणातील गंगादेवीपल्ली या गावी केंद्र सरकारच्या स्वच्छता खात्याचे सचिव स्वतः अशा मुरलेल्या खड्ड्यात उतरले आणि त्यांनी आपल्या हातांनी सोनखत बाहेर काढले. मुरलेला खड्डा उपसण्यात कमीपणा नाही आणि धोकाही नाही, हे त्यांना दाखवायचे होते.

मात्र ही गोष्ट फक्त पूर्ण मुरलेल्या शोषखड्ड्याची आहे. कालपर्यंत वापरात असलेल्या खड्ड्याची नव्हे आणि सेप्टिक टँकची तर मुळीच नव्हे. हा फरक मनात पक्का ठेवा. आज मी जे सांगणार आहे, त्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

सेप्टिक टँक म्हणजे चारी बाजूंनी आणि तळाशी पक्के बांधलेले टाके. आत आलेला मैला तीन थरांत विभागतो. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेलकट, हलका भाग वर तरंगतो, ती साय. मध्ये गढूळ पाणी. नवा मैला आला की तेवढेच मधले पाणी पलीकडच्या तोंडाने बाहेर पडते. हवा न लागता जगणारे सूक्ष्म जंतू गाळ हळूहळू पचवतात, पण सगळा पचवत नाहीत. वाळू, माती, न पचणारा भाग तळाशी साठतच जातो. बाजारात एखादी पूड मिळते आणि विकणारा सांगतो, "ही टाका, मग जन्मात उपसायला नको." पी हळद आणि हो गोरी, त्यातलाच हा प्रकार. वाळू पचवणारा जंतू अजून जन्माला आलेला नाही.

तसेच टाक्यातून बाहेर पडणारे पाणी शुद्ध असते, हाही एक गैरसमज आहे. ते दिसायला जरा निवळ असते, पण रोगजंतूंनी भरलेले असते. त्याला शोषखड्डाच हवा. तो खड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट दूर असावा. पुष्कळ घरांत शोषखड्डा केलेलाच नसतो आणि टाक्याची नळी सरळ गटारात सोडलेली असते. त्या गटाराकडेला मुले खेळतात. मग कावीळ, विषमज्वर, हगवण हे पाहुणे न बोलावता येतात.

आता मूळ मुद्दा. टाके केव्हा उपसावे? पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात, "आमचं टाकं एवढं मोठं बांधलंय, वीस वर्षं झाली, अजून झाकण उघडलं नाही." श्रोतेहो, ही अभिमानाची गोष्ट नाही. वीस वर्षांत तळाचा गाळ दगडासारखा घट्ट बसतो. नळी तो ओढू शकत नाही. मग कोणीतरी फावडे आणि बादली घेऊन आत उतरावे, असा विचार निघतो. म्हणजे टाके वेळेवर न उपसणारा घरमालक नकळत एका माणसाच्या मरणाची तयारी करीत असतो. घरगुती टाके दर दोन-तीन वर्षांनी उपसावे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील नगरपरिषदांनी अलीकडच्या वर्षांत अशी पद्धत घातली आहे. कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता, गाडी पाळीपाळीने प्रत्येक घरी जाते आणि साधारण तीन वर्षांत सारे गाव पुरे करते. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा ही रीत शहाणपणाची.

टाके भरले की नाही, हे घरच्या घरी बाहेरून मोजता येते. एका लांब सरळ बांबूच्या खालच्या भागाला जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळा. झाकण उघडून तासभर वारा लागू द्या. मग वाकून आत न डोकावता बांबू हळूच तळाला टेकवा. दोन-तीन मिनिटांनी वर काढा. जेवढ्या उंचीपर्यंत पंचा काळाकुट्ट झाला, तेवढा गाळ. गाळ आणि साय मिळून टाक्यातील पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली, की गाडी बोलवावी. नंतर पंचा पुरून टाकावा आणि हात साबणाने धुवावेत.

उपसण्याचे काम गाडीने आणि नळीनेच करायचे. तालुक्याच्या गावी नगरपरिषदेची किंवा खासगी गाडी मिळते. गाडी ठरवताना तीन प्रश्न विचारा. पहिला : तुमची नळी किती लांब आहे? दुसरा : आत कोणाला उतरवणार नाही ना? तिसरा : मैला नेऊन कोठे ओतणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "ते तुम्हाला कशाला पाहिजे?" असे आले, तर त्या माणसाला काम देऊ नका. रात्री ओढ्यात ओतलेला मैला सकाळी खालच्या वाडीच्या पाणवठ्यावर पोचतो.

नळीच्या लांबीचा प्रश्न खेड्यात फार येतो. वाट अरुंद, टाके घरामागे परसात आणि गाडी मारुतीच्या देवळापाशी अडलेली. म्हणून आधी दोरीने अंतर मोजून ठेवा. वळणे धरून मोजा, कारण नळी काही भिंतीतून जात नाही. इथे थोडे शास्त्र समजून घेऊ, म्हणजे फसगत होणार नाही. आपण म्हणतो गाडी मैला ओढते. वास्तविक पंप फक्त गाडीच्या टाकीतली हवा काढून घेतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब मैल्याला नळीतून वर ढकलतो. हवेच्या दाबाची ताकद ठरलेली आहे. समुद्रकाठी तो पाण्याला फार तर १० मीटर उंच चढवतो. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी त्याहूनही कमी. घट्ट गाळाच्या बाबतीत प्रत्यक्षात पाच-सहा मीटर उंची मिळाली तरी पुष्कळ. म्हणून गाडी चढावर आणि टाके खोलगटात असेल, तर कितीही मोठा पंप आणला तरी उपयोग होत नाही. गाडी होता होईल तो टाक्याच्या पातळीला किंवा खालच्या अंगाला उभी करावी.

उंची ही एक गोष्ट झाली, लांबी ही दुसरी. नळी जितकी लांब, तितका आतून घर्षणाचा अडथळा जास्त. म्हणून लांब नळी बारीक असून चालत नाही. ती सरळ अंथरावी, वेटोळी ठेवू नयेत. जोड जितके थोडे तितके बरे. प्रत्येक जोडातील रबर शाबूत आहे की नाही हे पाहावे. जोड सैल असला तर नळी मैल्याऐवजी हवा पिते आणि गाडीवाला म्हणतो, "मालक, गाळ लई घट्ट आहे, माणूस उतरवायला लागेल." अशा वेळी घाई न करता आधी जोड तपासा. नळी घरातून न्यावी लागली, तर सैपाकघर आणि पाण्याची जागा टाळा. प्रत्येक जोडाखाली जुने घमेले ठेवा.

शिक्षक बंधुभगिनींना हा धडा वर्गात सहज दाखवता येईल. शीतपेय पिण्याची नळी घ्या आणि मुलाला पाणी ओढायला सांगा. पाणी वर येते. मग त्याच नळीला वरच्या अंगाला टाचणीने दोन-तीन भोके पाडा. आता पाणी चढत नाही. सैल जोडाची गोष्ट मुलाच्या ध्यानात कायमची राहील. दुसरा प्रयोग काचेच्या बाटलीचा. पाण्यात माती, थोडा पाला आणि चमचाभर तेल घालून बाटली हलवा आणि तासभर स्वस्थ ठेवा. गाळ, पाणी आणि साय हे तिन्ही थर डोळ्यांना दिसतील.

गाडी आली म्हणजे काय करावे? दोन्ही झाकणे आधीच उघडी करून वारा खेळू द्यावा. भोवती दोरी बांधावी, मुलांना आणि गुरांना लांब ठेवावे. विडी, काडी, कंदील, शेगडी काहीही जवळ आणू नये, कारण टाक्यातील एक वायू पेट घेणारा असतो. नळी आधी वरच्या पाण्यात न सोडता तळाशी सोडावी. गाळ घट्ट असेल तर थोडे पाणी उलट सोडून आणि बाहेरूनच लांब बांबूने ढवळून तो पातळ करावा. सगळे टाके घासूनपुसून चकचकीत करू नये. तळाशी थोडासा गाळ विरजणासारखा राहू द्यावा, म्हणजे जंतूंचे काम पुन्हा लवकर सुरू होते. फिनेल किंवा ॲसिडने टाके धुऊ नये. काम झाल्यावर टाक्यात पाणी भरावे, सांडलेल्या जागी चुना टाकावा, झाकण बसवून सांधे बुजवावेत आणि भिंतीवर तारीख लिहून ठेवावी. हे काम पावसाळ्याआधी उरकावे. भर पावसात जमिनीत पाणी वर आलेले असते. अशा वेळी रिकामे झालेले हलके टाके चक्क वर उचलले जाते.

आता ज्याकरिता मी हा विषय घेतला, ते सांगतो. टाक्यात माणूस का मरतो?

गाळ कुजताना अनेक वायू तयार होतात. त्यांतला हायड्रोजन सल्फाइड हा सर्वांत घातकी. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांपर्यंत गेला, की थोड्या वेळाने नाकच बधिर होते. वास येईनासा होतो. माणसाला वाटते, वायू गेला. तो गेलेला नसतो, वास घेणारे नाक गेलेले असते. हेच प्रमाण हजाराच्या घरात गेले तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. हाक मारायलाही सवड मिळत नाही. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. वरून शांत दिसणारा गाळ फावड्याने हलवला, की सोडावॉटरची बाटली उघडावी तसा अडकलेला वायू एकदम सुटतो. म्हणून "मघाशी तर काही झालं नाही" या बोलण्याला अर्थ नाही.

विहीर खणणाऱ्यांची एक जुनी रीत आपल्याला ठाऊक आहे. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर आत उतरायचे नाही. विहिरीपुरती ती रीत काही अंशी कामाची होती, कारण हवेत प्राणवायू कमी असला तर ज्योत विझते. पण सेप्टिक टँकमध्ये ती करू नका. एक तर स्फोट होईल. दुसरे असे, की माणसाला मारायला पुरेल इतका विषारी वायू असूनही ज्योत खुशाल जळत राहील. नाकावर फडके बांधणे, कांदा हुंगणे, दारू पिऊन उतरणे, यांतले काहीही वायूला अडवत नाही. दारूने सावधपणा तेवढा जातो.

आणि सर्वांत वाईट गोष्ट पुढची आहे. एक माणूस खाली पडला की वरचा दुसरा त्याला वाचवायला उतरतो. कधी तो भाऊ असतो, कधी मुलगा, कधी घरमालक स्वतः. तोही पडतो. मग तिसरा. अशा घटनांत एकाच्या जागी तीन-चार जीव गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. माया असते म्हणूनच माणसे उतरतात. पण त्या वेळी मायेने करायचे काम एकच : कोणालाही उतरू न देणे. ११२ क्रमांकाला फोन करा, अग्निशमन दलाला बोलवा, १०८ ची गाडी मागवा. पडलेला माणूस शुद्धीवर असेल तर वरून दोर टाका. श्वासाचे यंत्र लावलेला, दोर बांधलेला आणि हे काम शिकलेला माणूसच आत जाऊ शकतो.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. १९९३ साली पहिला कायदा झाला. त्यापुढचा २०१३ चा कायदा सांगतो, की सुरक्षिततेची साधने आणि खबरदारी यांवाचून गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला कोणीही कोणालाही लावू नये. यात "कोणीही" म्हणजे नगरपालिका आली, ठेकेदार आला आणि तुम्ही-आम्ही घरमालकही आलो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सांगितले आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम ३० लाख केली. पण रक्कम कितीही वाढली तरी गेलेला माणूस घरी येत नाही.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. टाके उपसायला कोणाला बोलवायचे, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. त्याची गरिबी आणि त्याची जात आपल्याला माहीत असते, म्हणून आपण बोलावतो आणि तो नाही म्हणू शकत नाही. "त्यांना सवय असते," असे आपण म्हणतो. विषारी वायूची सवय कोणाच्याही फुप्फुसाला होत नाही. शाळेतही हे लक्षात ठेवले पाहिजे. संडास स्वच्छ ठेवण्याची पाळी असली तर ती सर्वांची असावी, गुरुजींचीसुद्धा. अमक्याच मुलांना झाडू द्यायचा, असे होता कामा नये. आणि टाक्याच्या झाकणाजवळ तर कोणत्याच मुलाला पाठवू नये.

राहता राहिला उपसलेला मैला. जवळ शुद्धीकरण केंद्र असेल तर गाडीने तेथेच न्यावा. ते नसेल तर ग्रामपंचायतीने वस्तीपासून, विहिरींपासून आणि ओढ्यापासून लांब, पाणी न साचणारी उंच जागा निवडावी. तेथे खोल चर खणून त्यात मैला सोडावा, वर मातीचा जाड थर द्यावा आणि त्या रांगेवर झाडे लावावीत. ताजा मैला भाजीच्या वाफ्यात कधीही सोडू नये. जंतांची अंडी मातीत कित्येक महिने जिवंत राहतात आणि मेथीच्या जुडीबरोबर पुन्हा आपल्याच ताटात येतात. मुरलेले सोनखत आणि ताजा मैला यांत दही आणि नासलेले दूध यांच्याइतका फरक आहे.

ज्यांना आता नवा संडास बांधायचा आहे आणि ज्यांची जमीन पाणी शोषणारी आहे, त्यांनी मोठ्या टाक्याच्या नादी न लागता दोन शोषखड्डे करावेत. ज्यांचे टाके झालेलेच आहे, त्यांनी त्यात प्लॅस्टिक, चिंध्या, राख, पॅड टाकू नयेत आणि मोरीचे पाणी वेगळे काढून परसबागेला द्यावे. म्हणजे टाके उशिरा भरेल.

उद्या सकाळी एवढेच करा. घरात विचारा, आपले टाके शेवटचे कधी उपसले? कोणाला आठवत नसेल, तर ते उपसायची वेळ झालेली आहे असे समजा, आणि माणसाला निरोप धाडण्याऐवजी गाडीला निरोप धाडा.